तार्लींची शेवटची धून

एजिदिओ पेझारो शहरातल्या एका मोजणी कचेरीत कामाला होता. शेतांच्या हद्दी आखायच्या, घरांचे नकाशे काढायचे, दोन भावांच्या भांडणात कुंपण नेमकं कुठून जातं ते फीत लावून दाखवायचं. हाताला लागेल आणि आकड्यात मांडता येईल तेवढंच खरं मानायचं, हा कामाचा नियम त्याच्या स्वभावातच उतरला होता. गुरुवारी संध्याकाळी मात्र तो फीत ठेवून ड्रमच्या काठ्या हातात घ्यायचा.

चौघांचा बँड होता. ऑर्गनवर नेव्हिओ, गिटारवर मिर्को, बासवर इव्हाना आणि ड्रमवर एजिदिओ. बँडचं नाव 'इ तार्ली', म्हणजे लाकूड पोखरणारे किडे. नेव्हिओने बंद पडलेल्या एका हॉटेलातून जुना ऑर्गन उचलून आणला होता. वाजवायला बसलं की त्याच्या फळ्यांतून पिवळा भुसा गळायचा.

"आपल्या बँडमधले सगळ्यात गुणी हेच," नेव्हिओ भुसा फुंकत म्हणायचा. "वेळेवर हजर असतात आणि मिर्कोसारखी हुज्जत घालत नाहीत."

नेव्हिओ उंच, किडकिडीत, कायम हसरा. धुना सगळ्या त्याच्याच. शब्द नाहीत, गायक नाही. साठच्या दशकातल्या नाचाच्या बीटसारखा उडता ठेका, खाली फंकचा जाड बास, आणि वर ऑर्गन, कधी गुरगुरणारा, कधी लाडात आलेला. ही मंडळी जन्मली तोवर असल्या संगीताचा बहर ओसरला होता. चौऱ्याण्णव साली ते ऐकणार कोण? कॉलेजांचे क्लब, द्राक्षांच्या जत्रा, कुणाचं लग्न, असं दीड वर्ष चाललं. मग पंच्याण्णवच्या शरदात फोस्सोम्ब्रोने गावच्या नाचघरातून फोन आला. रविवारचा अकॉर्डियनवाला आजारी पडला होता.

नाचघराचं नाव 'ला रोतोंदा'. नदीकाठी, पुलाच्या अलीकडे. रविवारी दुपारी तीनला तिथे नाच सुरू व्हायचा. केस नीट बसवून आलेल्या बायका, बूट चकचकीत केलेले पुरुष, सगळे साठीच्या पुढचे. दाराशी कोट सांभाळायला देर्नाबाई बसायच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, करड्या डोळ्यांच्या. कोट घेऊन पितळी बिल्ला हातात ठेवायच्या आणि कुणाचा कोट कुठला ते बिल्ला न पाहता ओळखायच्या.

इव्हानाला धाकधूक होती. "पोल्का मागितली तर काय करायचं?"

"खोकला आल्याचं सोंग करायचं," नेव्हिओ म्हणाला आणि सुरुवात केली.

पहिली धून त्याने त्याच गुरुवारी बसवली होती. तिच्या मधोमध एक गंमत होती: अचानक सगळे थांबायचे, दोन ठोके रिकामे जायचे, मग ऑर्गन उसळून परत यायचा. ती जागा चौघांखेरीज कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते थांबले. आणि त्या रिकाम्या जागेत साऱ्या नाचघराने एकदम दोनदा टाचा आपटल्या.

ठक, ठक.

एजिदिओच्या काठ्या हवेतच राहिल्या. ऑर्गन परत आला तेव्हा तो अर्धा ठोका मागे पडला होता.

मध्यंतरात एक टकले गृहस्थ मिर्कोच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जुनी गाणी छान वाजवता हो पोरांनो. किती वर्षांनी ऐकली."

"जुनी कसली?" मिर्को उखडला. "परवाच केली."

गृहस्थ मनापासून हसले. "आम्ही सदुसष्टमध्ये नाचलोय यावर. इथेच. माझी बायको तेव्हा दुसऱ्याच्याच हातात हात घालून नाचत होती, विसरेन कसा?"

पुढच्या रविवारी नवी धून. तिच्याही गिरक्या लोकांना पाठ. त्यापुढच्या रविवारी तेच. मिर्कोने नेव्हिओवर चोरीचा आळ घेतला, दोघे आठवडाभर बोलले नाहीत. नेव्हिओ एवढंच म्हणाला, "मी कुठून चोरणार? मला तर ही गाणी बोटांत सापडतात." पण रोतोंदाची गर्दी वाढत गेली, पेझारोतली तरुण पोरं हा चमत्कार बघायला येऊ लागली, वर्तमानपत्रात छापून आलं. मिलानच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन गेला. बँड चालू लागला, तशी तक्रारीची जागा कौतुकाने घेतली.

एजिदिओला मात्र चैन पडेना. तो वाचनालयात बसून सहासष्ट ते अडुसष्टची वर्तमानपत्रं चाळत राहिला. असा बँड कुठेच नव्हता. मग तो नगरपालिकेत गेला, कारण तिथले कागद कसे वाचायचे ते त्याला कळत होतं. रोतोंदाचा नकाशा एकाहत्तर सालचा निघाला. त्याआधी त्या जागी रेशमाची गिरणी होती, कुलूप घातलेली, छप्पर खचलेलं.

सदुसष्टमध्ये तिथे नाचायला जमीनच नव्हती.

शहाण्णवच्या वसंतात एका रविवारी तो लवकर पोचला. देर्नाबाई खुंट्या पुसत होत्या आणि एक धून गुणगुणत होत्या. संथ, एजिदिओने कधीच न ऐकलेली. पण वळणं अगदी नेव्हिओची.

"ही कुठली, देर्नाबाई?"

"त्यांची शेवटची." त्यांनी फडकं घडी केलं. "फार गोड होता रे तो ऑर्गनवाला पोरगा. रविवारी ही वाजवली आणि सोमवारी सकाळी गेला. ऑर्गन दुरुस्तीला गुब्बिओला नेत होता. फुर्लोच्या घळीत गाडी पाण्यात गेली. बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर."

"नाव काय होतं त्याचं?"

देर्नाबाईंनी फडकं खुंटीला अडकवलं. "नावं राहत नाहीत लक्षात. कोट राहतात. हिरवा होता, कोपरांना चामडं लावलेला."

नेव्हिओकडे हिरवा कोट नव्हता. एजिदिओने ते मनाशी पुन्हापुन्हा घोकलं. एकाहत्तरचा नकाशा आठवला. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात चार गोष्टींचा काला झाला असेल, असं ठरवून त्याने तो विषय मिटवला. कुणाला बोलला नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, एका गुरुवारी, नेव्हिओ नवी धून घेऊन आला. "ही जरा वेगळी आहे," तो लाजत म्हणाला. "संथ आहे. हसू नका."

चार सुरांतच एजिदिओने ओळखली.

वाजवून झाल्यावर इव्हाना डोळे पुसत होती. मिर्कोने गिटार खाली ठेवली होती. नेव्हिओने एजिदिओकडे पाहिलं. प्रत्येक धुनेनंतर तो आधी त्याच्याकडेच बघायचा. मोजणीवाला माणूस खोटं बोलत नाही, असा त्याचा विश्वास.

"कशी आहे?"

सांगायचं होतं ते एका दमात सांगून झालं असतं. पण सांगायचं तरी काय? कोट सांभाळणाऱ्या बाई गुणगुणत होत्या म्हणून? आणि दुसरंही एक होतं, ते एजिदिओने पुढे स्वतःशी कबूल केलं: ती धून त्यांच्या सगळ्या धुनांत सरस होती. मिलानला हेच हवं होतं. आपण तोंड उघडलं तर ती हातची जाईल.

"चांगली आहे," तो म्हणाला. "ठेका मी हलकाच ठेवतो."

फेब्रुवारीत मिलानला रेकॉर्ड झाली. कंपनीवाले खूश. परतताना नेव्हिओने स्टेशनजवळच्या बाजारात जुना कोट घेतला. गाडीत अंगात घालून दाखवला.

हिरवा होता. कोपरांना चामडं होतं.

"कसा दिसतो?" त्याने विचारलं. इव्हाना म्हणाली, शाळामास्तर दिसतोस. सगळे हसले. एजिदिओ खिडकीबाहेर बघत बसला.

एप्रिलमधल्या एका रविवारी रोतोंदात ती धून पहिल्यांदा वाजली.

कुणी नाचलं नाही.

जोड्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. पुरुषांनी हात मागे बांधले. दाराशी देर्नाबाईंनी, कुणी मागितले नसताना, खुंट्यांवरचे कोट काढायला सुरुवात केली. हिरवा कोट त्यांनी सगळ्यात शेवटी काढला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला.

"आवडली नाही वाटतं," सामान आवरताना नेव्हिओ म्हणाला. मग ऑर्गनवर हात फिरवत, "ऐक ना, खालच्या पट्ट्या अडकतायत. उद्या गुब्बिओला नेतो, तिथे एक जुना कारागीर आहे. येतोस? जाता जाता आक्वालान्यात जेवू."

एजिदिओला वाटलं, सांगावं. आता, निदान आता.

"उद्या नाही जमणार," तो म्हणाला. "एक मोजणी आहे."

मोजणी नव्हती. सोमवारचा दिवस मोकळा होता.

"बरं," नेव्हिओ म्हणाला. "मग तुझ्या वाटचंही मीच खातो."

त्याने हिरवा कोट चढवला. एजिदिओने ऑर्गनचं दुसरं टोक धरून तो गाडीत चढवला. हाताला भुसा लागला होता तो विजारीला पुसला. आणि गाडी पुलावरून वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास कचेरीत इव्हानाचा फोन आला. घळीत, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर. रस्ता कोरडा होता, ऊन होतं, समोरून कुणी आलं नव्हतं.

रेकॉर्ड जूनमध्ये निघाली आणि खूप चालली. दूर जपानातूनसुद्धा पत्रं आली. तार्लींनी दुसरा ऑर्गनवाला घेऊन वर्षभर कार्यक्रम केले. लोक ती संथ धून मागायचे आणि एजिदिओ ती वाजवायला नकार द्यायचा. कारण मात्र सांगायचा नाही. मिर्को चिडला, इव्हाना दमली. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात नव्या ऑर्गनवाल्यासकट चौघांनी एकत्र जेवण केलं आणि बँड बंद केला. एजिदिओने ड्रम विकले नाहीत, पण त्यांवरचं कापडही पुन्हा कधी काढलं नाही. पुढे त्याचं दोनातेशी लग्न झालं. ती भली बाई, समजूतदार. तिलाही त्याने तो सोमवार सांगितला नव्हता.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये तो फोस्सोम्ब्रोनेला गेला. देर्नाबाई आता वृद्धाश्रमात असतात, असं त्याला कळलं होतं. दोनाता बरोबर आली होती, ती म्हणाली, "तू बोलून ये निवांत, मी खाली उन्हात बसते." त्या दिवसांत तिला जिने नको वाटायचे. तिसरा महिना होता. अजून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या आईलासुद्धा.

देर्नाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. त्यांची मुलगी लोरेत्ता कॉफी घेऊन आली. "आई कुणाला ओळखत नाही हल्ली," ती हळूच म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका."

पण देर्नाबाईंनी त्याला ओळखलं. "ड्रमवाला," त्या म्हणाल्या.

मग एजिदिओने सगळं सांगितलं. धून ओळखली ते, गप्प राहिला ते, नसलेली मोजणी. आठ वर्षं जे ओठांवर येऊ दिलं नव्हतं ते त्याने खाली मान घालून, कामाचा अहवाल द्यावा तसं, ओळीने सांगितलं. लोरेत्ता कपबशी हातात धरून तशीच उभी होती.

"मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "किंवा त्याला थांबवायला."

देर्नाबाईंनी त्याचा हात थोपटला. "मागच्या खेपेलाही तू हेच म्हणालास, बाळा. याच खुर्चीत."

"मी आज पहिल्यांदाच आलोय, देर्नाबाई."

"आई, हे पहिल्यांदाच आलेत," लोरेत्ता म्हणाली.

"नाही गं. त्या वेळी छोकरी होती की याच्याबरोबर." त्यांचा चेहरा निवळला, चांगली आठवण सांगताना निवळतो तसा. "पाच-सहा वर्षांची. काळा फ्रॉक, काळे मोजे, दुखवट्याचे. तिथे खिडकीशी उभी होती. काय शहाणी पोर! मी बिस्किट पुढे केलं, तर म्हणाली, आईला विचारून घेते. आणि मग तिचं तिलाच आठवलं."



एजिदिओ उठून खिडकीशी गेला. खाली अंगणात दोनाता बाकावर बसली होती. तिने मान वर केली, त्याला पाहिलं आणि हसून हात हलवला.