दसऱ्यानंतरची तुकडी

चैत्रातल्या दुपारी माधवनगरच्या छोट्या कचेरीत आप्पासो पेंगत होते, तेवढ्यात संयोगिता आली. तासगावला तिचा बेदाण्याचा व्यवसाय. फौजेतून निवृत्त झालेले आप्पासो भाचीची, म्हणजे गुप्तहेर पल्लवीची, गाडी चालवत आणि तिच्या तपासात मन लावून गोंधळत.

"नवी गिऱ्हाइकं एकदा बेदाणा नेतात नि परत फिरकत न्हाईत," संयोगिता म्हणाली. "साताऱ्याच्या समीक्षा मॅडम तर म्हणाल्या, रंग मारलेला माल नको. पॅकिंग साळूबाई मावशींच्या हातात. सासूबाईंच्या वेळेपासून हायत त्या. आता त्यांना घरी बसवायची वेळ आलीय, पण जीव धजत न्हाई."

पल्लवीने गिऱ्हाइकांची यादी मागून घेतली आणि तिघं तासगावला निघाली.

शेडमध्ये हिरव्या जाळीतून ऊन झिरपत होतं. बेदाण्याच्या गोडसर वासाने आप्पासोंना पुन्हा गुंगी आली. आपण जागे आहोत की अजून कचेरीतच झोपलोय, हे त्यांना नीट कळेना.

साळूबाईंनी पाणी देण्याआधी दोघांच्या कपाळी भंडाऱ्याची हळद लावली. "पयल्यांदा आलायसा. बिरोबाचं नाव घ्या."

"मावशी, माल वेगवेगळा भरता का?" पल्लवीने विचारलं.

"एकाच पोत्यातला समद्यांना. पहाटं एकटी बसून भरती. खोटं कशाला बोलू?"

संशय आता आपल्यावर येणार असं वाटून पार्सलं पोचवणारा संयोगिताचा दीर रविराज भडकलाच. "आवं, दसऱ्यापासून मोबाईलवर ऑर्डरी सुरू झाल्या. जुन्यांचीबी पार्सलं मीच पोचवतो की! त्यांची कवा तक्रार न्हाई."

संध्याकाळी पल्लवीने यादी पसरली. "मामा, एकूण आकडा बघून काही कळायचं नाही. कोण पहिल्यांदा कधी आलं, त्यावरून तुकड्या पाडू."

"भरतीच्या बॅचसारख्या?"

"अगदी. धंद्यात त्याला कोहॉर्ट म्हणतात. दसऱ्याआधीचे सत्तर, जवळजवळ सगळे अजून येतात. दसऱ्यानंतरचे बेचाळीस, टिकले तीन."

तिने त्या तिघांना फोन केले. तिघंही पहिल्या खेपेला स्वतः शेडवर आले होते; बाकीच्या एकोणचाळीस जणांनी यादीप्रमाणे मोबाईलवरूनच मागवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी नुसतंच पाणी दिलं. कपाळ कोरडं राहिल्याचं आप्पासोंना उगाच वाईट वाटलं. पल्लवी मात्र हसली आणि तिने सगळ्यांना बसवलं.

"माल एकच, म्हणून मालात खोट नाही. जुनी माणसं पार्सल घेऊनही टिकली, म्हणून रविराजचाही दोष नाही. गेले ते सगळे नवे आणि शेडवर न आलेले. नव्या माणसाला इथे एकदाच काय मिळतं? काल आम्हाला भंडारा मिळाला, आज नाही. मावशी, जी माणसं इथे येत नाहीत, त्यांचा भंडारा कुठे जातो?"

साळूबाई गोंधळल्या. "पयल्या पार्सलात टाकती की, चिमूटभर. लांबचं मानूस, कपाळ कुठनं घावायचं?"

आप्पासोंना सगळं लख्ख दिसलं. वाटेत पार्सल हिंदकळणार, हळद बेदाण्याला चिकटणार, आणि शहरातलं माणूस पिवळी बोटं बघून म्हणणार, रंग!

साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्याच घालवली व्हय गं सगळी? येकेकाचं नाव घिऊन टाकत हुते. बसते मी घरी."

संयोगिताचे डोळे भरून आले. माणसाला न विचारता त्याच्यावर संशय घेतल्याची तिला मनापासून लाज वाटली. "कुठं न्हाई जायचं, मावशी," ती म्हणाली आणि समीक्षा मॅडमचा नंबर लावून, स्पीकर चालू करून तिने फोन साळूबाईंच्या हातात दिला.

"बाई, म्या तासगावची साळूबाई. त्यो रंग न्हवता. बिरोबाची हळद हुती, म्या टाकलेली. चुकलं माझं."

आप्पासो फोनजवळ सरकले. पलीकडून समीक्षा मॅडमनी विचारलं,

"कुणाच्या नावानं टाकली होती, मावशी?"

"तुमच्याच," साळूबाई म्हणाल्या.