भयारोपण

चाळिसाव्या मजल्याच्या उघड्या कडेवरून विदुलाबाई अष्टेकर नेहमीसारख्या एक पाऊल पुढे टाकून पडल्या. जमीन अंगावर आली, अंधार झाला. मग त्यांनी डोक्यावरचा प्रतीतीटोप काढून विद्यार्थ्यांना विचारलं, "माझं काय चुकलं?"

"सुरक्षादोर अडकवला नव्हता," मुलं एका सुरात म्हणाली.

या आभासी बांधकामस्थळावर अभियंते घडवले जात. वारा, उंची, ओल्या सिमेंटचा वास, सगळं हुबेहूब. खरी मात्र एक वीटही नाही. सांगून कळत नाही ते पडून कळतं, असं बाई म्हणत आणि वर्षानुवर्षं स्वतःच पडून दाखवत. आता त्यांना खाडीवरच्या खऱ्या पुलाचं प्रमुखपद मिळालं होतं. खोलीत विद्यार्थी आणि घरी चार भिंती, यांना त्या विटल्या होत्या. खऱ्या वाऱ्यात, खऱ्या माणसांत जायला मिळणार म्हणून बाई हरखल्या होत्या. अडसर एकच होता, उंचीवरच्या कामासाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर डॉ. हेरंब पटवर्धनांच्या सहीचा.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला सही हवी आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाडीचा आलेख पुढे सरकवला. "पडताना तुमची नाडी हलतसुद्धा नाही, बाई."

"सवय झाली."

"सवय नव्हे, भयलोप. भीती हा शरीराचा ठोकताळा असतो. कडा दिसला की इजा होणार, एवढंच त्याला ठाऊक. तुम्ही असंख्य वेळा पडलात, साधं खरचटलंही नाही. शरीराने ठोकताळा पुसून टाकला. पूल खरा आहे हे डोक्याला कळतं, पायांना कळणार नाही."

"उपाय?"

"भयारोपण. स्वतःच्या इजेची भीती गेली ती गेली. पण आपण परतलो नाही तर ज्याचा जीव टांगणीला लागेल, असा माणूस शरीराला दाखवला, तर त्याच्यासाठीची भीती रुजते. तुमची वाट कोण बघतं?"

"भाऊ आहे नागपूरला. भाऊबिजेला फोन करतो."

डॉक्टरांनी बाईंना टोपातल्या चाळिसाव्या मजल्याच्या कडेवर उभं केलं आणि समोर भावाचं घर दाखवलं. बहिणीचा फोन लागत नाही म्हणून तो येरझाऱ्या घालत होता. आलेख सपाट. मग शाळेतली मैत्रीण झाली, शेजारच्या काकू झाल्या. आलेख तसाच. इतक्या आयुष्यात आपली चिंता करणारं एक माणूस जोडता आलं नाही, याची विदुलाबाईंना लाज वाटली.

चाचणी लांबत गेली आणि आभासी स्थळावर संध्याकाळ झाली. खाली येसाजी मुकादम डबा मांडीवर घेऊन बसला. शेवटचा माणूस उतरल्याशिवाय मुकादमाने जेवायचं नाही, हा आपल्या पहिल्या साइटवरचा रिवाज बाईंनीच हौसेने आज्ञावलीत घालून घेतला होता. येसाजी म्हणजे आज्ञावलीच, दुसरं काही नाही. पण रोज तास संपला की तो थांबलेला असे, आणि बाई उतरल्यावरच डबा उघडे.

"ताई, उतरा आता. भाकरी गार झाली."

बाई कडेजवळ होत्या. पाय किंचित घसरला आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. तळव्यांना घाम फुटला. आलेख उसळला.

"झालं की नाही?" त्यांचे डोळे भरून आले. "करा सही."

डॉक्टरांनी लेखणी उचलली नाही. "ही भीती येसाजीसाठी आहे. पुलाखाली तो कुठून येणार?"

"त्याचा आवाज कानात सोडा माझ्या."

तेही करून पाहिलं. टोपात खाडीवरचा पूल उभा केला. खाली पाणी, कानात येसाजीची हाक. आलेख पुन्हा सपाट.

"खऱ्या पुलावरून पडलात तर त्याला कळणार नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "शरीर फसत नाही, बाई. मी सही करू शकत नाही."

विदुलाबाईंनी टोप काढून मांडीवर ठेवला. मग कोणी न विचारताच म्हणाल्या, "उद्या विद्यार्थ्यांची तुकडी नेहमीच्या वेळी पाठवायला सांगा."

टोप चढवून त्या पुन्हा आत गेल्या, कारण त्यांचं उतरायचं राहिलं होतं आणि खाली येसाजीने डबा अजून उघडला नव्हता. ज्या जिन्यावरून पडून आजवर कोणालाच काही झालं नव्हतं, तो जिना त्या दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत उतरू लागल्या.