सोमाकाका दारापर्यंत आले

टीव्हीवरच्या त्या मालिकेच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत आलं होतं, ‘सत्य घटनेवर आधारित’.

म्हणून ते शब्द मी वापरत नाही. मी त्या खोलीत होतो, एवढंच सांगतो.

१९९८. दिवाळीनंतरचा रविवार. देवळाली कॅम्पातलं माझ्या सिंधुमावशीचं घर. संध्याकाळ झाली होती, पण बाहेर अजून उजेड होता.

मावशीचे यजमान सोमाकाका एकाहत्तरच्या लढाईत गेले. त्यांचे सोबती भिमाजीकाका जखमी होऊन परत आले. दर दिवाळीला घरी यायचे आणि तेच सांगायचे, “वहिनी, सोमानं मला खांद्यावर टाकून आणलं. मग दुसऱ्याला आणायला परत गेला, आणि…”

पुढे त्यांना बोलता यायचं नाही.

मावशी त्या एका गोष्टीवर जगली.

त्या लढाईवर मालिका निघाली, तेव्हा माहिती सांगायला भिमाजीकाकांनाच बोलावलं. मावशीने विश्वासाने सोमाकाकांचा फोटो दिला.

त्या रविवारी सोमाकाकांचा भाग लागला. भिमाजीकाका आमच्या शेजारीच बसले होते.

पडद्यावर सोमा नावाचा जवान बंदूक टाकून पळाला. पाठीत गोळी लागून पडला. भिमाजी एकटा लढत राहिला.

मावशीने टीव्ही बंद केला.

“भाऊजी, हे काय?”

“मालिकावाल्यांना हिरो पाहिजे होता, वहिनी.”

“आणि पळणारा?”

“तोही पाहिजे होता. ते म्हणाले, मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही.”

“आणि तुम्ही?”

“…मी हो म्हणालो.”



आणि तेवढ्यात…

बाहेरचे सगळे आवाज थांबले.

सायकली. कुत्री. शेजारचा टीव्ही. काहीच नाही.

मग बूट वाजले. जड. दमलेल्या माणसाचे.

अंगणात येऊन थांबले.

दार उघडंच होतं. बाहेर कोणी नव्हतं.

“भिमा… चल. हात टाक खांद्यावर.”

त्या आवाजात राग नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मावशी धडपडत उठली. तिने आवाज ओळखला होता.

“अहो…”

उत्तर आलं नाही.

भिमाजीकाका रडत उभे राहिले. दारात जाऊन त्यांनी डावा हात वर केला. तो हात हवेतच टेकला… खाली आला नाही. कोणावर तरी भार टाकून, लंगडत, ते पायऱ्या उतरले.

मी मागे धावलो. वळणापर्यंत ते मला दिसत होते.

वळणापलीकडे रस्ता मोकळा होता.

पोलिसांत तक्रार दिली. घोटीपर्यंत शोधलं. भिमाजीकाका पुन्हा कोणालाच दिसले नाहीत.

सोमाकाकांनी त्यांना रागाने नेलं, की पुन्हा एकदा वाचवायला? मला अजून कळत नाही. संध्याकाळी एकदम शांत झालं की आजही माझं लक्ष दाराकडे जातं.

मावशीला मात्र तो प्रश्न पडतच नाही. ती दुसरंच बोलते.

“इतक्या वर्षांनी आले रे. ज्यानं त्यांचं नाव घालवलं, त्याला हाक मारली. मी समोर उभी होते…

माझं नावसुद्धा घेतलं नाही.”