टाकीकडे पाठ करून

"काका, हा मासा काही खातच नाही हो!"

एकाच दमात दोन आवाज आले आणि मासेवाल्या काकांनी चमकून वर पाहिलं. काउंटरच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो. दोघांच्याही हातात पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत रुसून बसलेला एकेक एंजल मासा. पिशव्या शेजारी टेकल्या मात्र, दोन्ही मासे सळसळत पुढे आले आणि प्लॅस्टिकला तोंडं लावून एकमेकांकडे बघत राहिले.

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा... जोडी फोडली की मी! आठवडाभर या दोघांनी बाकीच्यांना कोपऱ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि मी शहाणा, एक हिला विकला, एक तुला!"

"मग दुसराही मलाच द्या," ती म्हणाली.

"वा! तुमचाच का नाही मला?" तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाच्या खिशात मोजपट्टी, बोटांवर बारीक जुन्या चिरा. दारं-खिडक्यांना काचा बसवणारा होता तो. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. नजर बारीक आणि जीभ त्याहून धारदार.

"हे बघा," ती म्हणाली, "एंजल म्हणजे सिक्लिड जातीचा मासा. हे आईबाप पिल्लांना स्वतः वाढवतात. माझ्याकडच्या जोडीने पाच वेळा अंडी घातली आणि पाचही वेळा स्वतःच खाल्ली. शेवटी तीही दोघं गेली. सगळे म्हणतात, अंडी काढून घे, वेगळी उबव. मला तसं नकोय. आईबापांनी वाढवलेली पिल्लं मला एकदा तरी बघायचीत. आणि माझ्याकडे फक्त दोन महिने आहेत. वहिनीचं बाळंतपण आलंय, खोली बाळाला लागणार. टाकी हलवावीच लागेल."

त्याने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. त्याची स्वतः जोडलेली टाकी दुकानात होती, काच कापायच्या यंत्राशेजारी. त्या किरकिरीत कुठल्या माशाला संसार सुचणार?

"न्या," त्याने पिशवी पुढे केली. "पण मासा माझाच. मी बघायला येणार."

"रोज?"

"छे... एक दिवसाआड."

आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला स्वारी दारात हजर.

दहा दिवसांत टाकीच्या समोरच्या काचेवर अंडी आली, ओळीने लावलेल्या पिवळसर मण्यांसारखी. घातली त्याच्या माशाने, म्हणजे त्याचा मासा मादी निघाला. वहिनीला तर आयतंच सापडलं. "वन्सं, चहा टाका... मुलीकडचे आलेत!" वहिनी दारातूनच ओरडली. त्याचे कान लालेलाल झाले. ती गालातल्या गालात हसत चहा टाकायला गेली.

तेवढ्यात घात झाला. काचेवर बोटांचा एक डाग होता. काचवाल्याला डाग दिसावा आणि हात स्वस्थ बसावा? त्याने खिशातलं फडकं काढलं आणि बाहेरून दोनदा खसाखसा फिरवलं. त्या भल्यामोठ्या हाताने मासे बिथरले. ती कप घेऊन आली तेव्हा मादी अंडी टिपत होती. कप खाली ठेवेपर्यंत काच स्वच्छ झाली होती, आतून आणि बाहेरूनही.

"तुम्ही... काच पुसलीत?"

"डाग होता..."

"त्या डागामागे तीनशे अंडी होती!" तिचा आवाज फाटला. "आता पंधरा दिवसांनी घातली तर घातली. पिल्लं वाढायला वेळ धरला तर एकच संधी उरली माझी. तुम्ही आता येऊ नका."

त्याने एकही सबब सांगितली नाही. मान खाली घालून निघून गेला. चहा तसाच निवला.

तीन दिवस ती स्वतःवरच चिडत होती. कारण सहा वाजले की डोळे आपोआप दाराकडे जायचे. त्या फडकेबहाद्दराची वाट बघायची? हद्द झाली! पण वाट तर ती बघत होती, अगदी मनापासून.

चौथ्या दिवशी तो आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. काखेत खाकी कागदाची गुंडाळी.

"आत येत नाही. हे फक्त द्यायला आलो. टाकीला चारी बाजूंनी लावा. वरचा दिवा चालू ठेवा, एकदम अंधार झाला की ते घाबरतात. मग कोणीच बघायचं नाही. मी नाही... आणि तुम्हीही नाही."

"मी का नाही?"

तो जरा अडखळला. "आधीच्या जोडीने पाच वेळा अंडी खाल्ली... तेव्हा टाकीसमोर कोण बसलं होतं?"

ती चपापली. सकाळ-संध्याकाळ हातात वही घेऊन, काचेला नाक लावून तीच तर बसायची. एवढी वर्षं भिंगं घासली, पण ही साधी गोष्ट तिच्या नजरेला दिसली नव्हती. खूप राग आला, आणि रागाच्या मागोमाग हसूही.

"आत या," ती म्हणाली. "कागद एकटीने लावायचा कसा?"

वीस दिवसांनी पुन्हा अंडी आली, यावेळी टाकीतल्या झाडाच्या रुंद पानावर. कागदाला काडीच्या टोकाएवढं भोक पाडलं होतं. दिवसातून एकदाच, एकेकाने डोकावायचं. बाकी वेळ दोन स्टुलं मांडून टाकीकडे पाठ करून बसायचं. मागे पाण्याची बुडबुड चालायची आणि पुढे गप्पा. तो बोलण्याआधी डोळ्यांनी हसतो, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

"मागे बघू नका हं," तो म्हणाला.

"मी कुठे मागे बघतेय?"

"मग कुठे बघताय?"

 तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. मग तोच गडबडून आपल्या बोटांकडे बघायला लागला.

सहाव्या दिवशी डोकावायची पाळी त्याची होती. अंडी फुटली होती. पानाला चिकटून इवले शेपटीवाले ठिपके वळवळत होते. तो एकदम ओरडला, "गिळलं! नराने पिल्लू तोंडात घेतलं! जाळी द्या, उरलेली तरी वाचवू!"

तिचा हात जाळीकडे गेलाच होता. जीव तसाच सांगत होता... काढ, वाचव, आणखी एकदा हरू नकोस. पण तिने दात आवळले आणि जाळीऐवजी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांब. त्यांचं त्यांना करू दे."

तिने भोकाला डोळा लावला. नराचे गाल हलत होते.  मग नर संथपणे पानाजवळ गेला आणि फुंकर मारावी तसं तोंड उघडलं. ठिपका पानाला पुन्हा चिकटला.

"खाली पडलं होतं ते," ती कुजबुजली. "त्याने उचलून जागेवर ठेवलं." डोळे भरून आले, पण मनगट काही तिने सोडलं नाही. त्यानेही सोडवून घेतलं नाही.

आठव्या दिवशी दोघांनी मिळून हलक्या हाताने कागद उतरवला. मादीभोवती शे-दोनशे पिल्लं पोहत होती आणि नर सगळ्यांना हाकत एकत्र आणत होता. वहिनी कमरेला हात लावून आली, बघतच राहिली आणि दादाला हाका मारत स्वयंपाकघरात गेली.

तो घसा खाकरून म्हणाला, "खोली रिकामी करायला तीनच आठवडे आहेत ना? मी... मी चार फुटी टाकी जोडतो. दुकानात नाही, माझ्या घरी. शांत खोली आहे. पिल्लं जरा मोठी झाली की सगळे तिकडे नेऊ. तुम्ही हव्या तेव्हा बघायला या."

"नाही."

त्याचा चेहरा पडला.

"बघायला नाही येणार मी," ती म्हणाली. नजर ठाम होती. "आले तर राहायला येईन. मला तू आवडतोस. मासेही आवडतात, पण आधी तू. जिच्यासाठी जीव टाकत होते त्या टाकीकडे आठ दिवस पाठ करून बसले आणि मला मागे वळावंसंच वाटलं नाही."

तो तोंड उघडून बघत राहिला. मग आधी डोळे हसले, नंतर ओठ.

"मला तर... पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "पण सांगणार कसं? त्यात ती काच पुसून बसलो..."

"आता सांगितलंस ना? मग दादालाही सांग. तो स्वयंपाकघरात आहे."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने शर्ट सारखा केला, एक दीर्घ श्वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. तीही त्याच्या बरोबरीने चालू लागली.