जप्तीतली भिंगरी

कपाट उघडलं आणि मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला. जप्त केलेल्या भिंगऱ्यांच्या डब्यात सोनेरी भिंगरी नव्हती.

भिंगऱ्यांनी शाळेला नुसतं वेड लावलं होतं. बंदी झाली, झडत्या झाल्या, पोरं बधेनात. सोनेरी भिंगरी तर अख्ख्या शाळेत एकच आली होती; ती ज्याच्याकडे, त्याचा थाटच वेगळा. काल सकाळी ती फाटकातच एका मुलाकडून काढून घेतली होती. आज त्याचे वडील ऑफिस डोक्यावर घेऊन बसले होते.

"किल्ली माझ्याकडे आणि झाडणाऱ्या मावशींकडे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मावशींची नात चौथीत आहे. आणखी काय हवं? आजच घरी बसवते त्यांना."

"तासभर थांबा," पर्यवेक्षिका म्हणाल्या. पोरांनी त्यांचं नाव दुर्बीण ठेवलं होतं.

त्यांनी आधी मावशींना गाठलं.

"कपाट कधी उघडलं होतं?"

"काल दुपारी, पुसायला. चौथीच्या बाई खडू न्यायला आल्या होत्या, बाकी कुणी नाही." मावशींनी किल्ली काढून पुढे ठेवली. "इतकी वर्षं झाडतेय, कधी टाचणी उचलली नाही हो."

मग त्या मुलाला बोलावलं.

"कशी फिरायची रे तुझी भिंगरी?"

"काय माहीत! पाकीटच फोडलं नव्हतं, बाई. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर फोडणार होतो."

चौथीच्या बाई वह्या तपासत होत्या. भिंगरीचा विषय निघताच त्यांनी नाक मुरडलं.

"काय त्या सोनेरीचं एवढं कौतुक! दोन गिरक्या घेते आणि डावीकडे कलंडते."

दुर्बीणबाईंनी त्यांना तडक ऑफिसात नेलं.

"पाकीट बंद होतं," त्या मुख्याध्यापिकांसमोर म्हणाल्या. "ज्याची भिंगरी, त्यानेही ती फिरवली नव्हती. मग ती कलंडते हे यांना कसं कळलं? जिने पाकीट फोडलं, तिलाच हे ठाऊक असणार. कपाट उघडं असताना खडूच्या निमित्ताने याच आल्या होत्या."

चौथीच्या बाईंना रडू फुटलं. "माझ्या मुलाला कुणी खेळायला घेत नाही. वाटलं, सोनेरी असली तर घेतील."

"आणि मावशींवर आळ आला तेव्हा?"



"हे बाहेर जायला नको," मुख्याध्यापिका घाईने म्हणाल्या. "शाळेची अब्रू आहे." मावशींची अब्रू कुणाच्या खिजगणतीत नव्हती. दुर्बीणबाईंना शिसारी आली.

मावशी जिन्यापाशी झाडू घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, तुमच्यावरचा आळ गेला."

"नातीवरचाही?"

"तिच्यावरचाही."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

"मघाशी जिन्याखाली नेऊन मारलं हो मी तिला. शपथा घेत होती बिचारी, तरी मारलं."