तुम्ही ऐका, मी नंतर बोलतो

"काका आहेत का?"

दारात एक तरुण उभा होता. छातीशी पुठ्ठ्याचं खोकं धरलेलं, ओले केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर बक्षीस घेऊन घरी आलेल्या मुलासारखा आनंद.

"नाहीत," मी म्हणाले.

"हरकत नाही, थांबतो. त्यांच्याच हातात द्यायचंय. वर्षभर फोनवर डोकं खाल्लंय त्यांनी माझं. आज माझी पाळी."

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं, टॉवेल दिला. सांगायचं तेवढं राहिलं... वाक्य तोंडाशी येई आणि मागे फिरे. शेवटी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्याकडे बघून सरळ म्हणाली, "दादा गेला रे. दोन महिने झाले."

तो उभा राहिला. खोकं खाली ठेवावं की हातातच धरावं, हे त्याला कळेना.

बाबांना जुन्या रेकॉर्डचं वेड होतं. टर्नटेबलच्या सुईतून निघणारा आवाज अगदी नाजूक असतो. तो वाढवून, त्याचा तोल सांभाळून अँप्लिफायरकडे पाठवायला मध्ये एक यंत्र लागतं. फोनो प्रीअँप म्हणतात त्याला. बाबांच्या अँप्लिफायरच्या पोटातच तसं एक होतं, पण ते म्हातारं झालं होतं; प्रत्येक गाण्याच्या मागे घरघर ऐकू यायची. हा माणूस आपल्या लहानशा वर्कशॉपमध्ये नवा प्रीअँप बनवत होता. विक्रीला काढण्याआधी तो काही कानसेनांच्या घरी ठेवून त्यांचं मत घ्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि त्यात बाबांनी आपला नंबर पहिला लावला होता. घरघरीशिवाय एकदा सगळ्या रेकॉर्ड ऐकायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. ती राहून गेली.

"मी... परत नेतो हे," तो म्हणाला.

"ठेवा," मी म्हणाले. "मी ऐकेन."

दुसऱ्या दिवशी मी एकटीनेच तारा जोडल्या आणि सुई टेकवली. घर हादरलं. गाणारी बाई विहिरीच्या तळातून गात असावी आणि वर कोणीतरी लोखंडी कपाटं सरकवत असावं, असा काहीतरी आवाज आला. आत्या हातात कालथा घेऊन धावत आली. "काय गं, ट्रक शिरला का घरात?"

मी त्याला फोन लावला.

"अँप्लिफायरच्या मागे कुठे जोडलंय तुम्ही?" त्याने विचारलं.

"'फोनो' लिहिलंय तिथे. शिकलेली बाई आहे मी, वाचून जोडलं."

पलीकडे दाबलेलं हसू. "तिथे जुना प्रीअँप आहे हो. म्हणजे एकदा याने आवाज वाढवला आणि मग त्याने परत वाढवला. चहात दोनदा साखर पडली. शेजारच्या जागी लावा."

"तुम्हीच या ना," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

तो आला. गुडघ्यांवर बसून त्याने तारा बदलल्या, टर्नटेबलची अर्थिंगची बारीक हिरवी तार स्क्रूखाली घट्ट केली, हात पुसले आणि मागे सरकून बसला. मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली.

लहानपणापासून ऐकलेलं गाणं. पण त्या दिवशी, पहिल्या शब्दाच्या आधी, मला काहीतरी वेगळं ऐकू आलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाजू संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

"कसं वाटतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"आधी तुम्ही. तुम्ही ऐका, मी नंतर बोलतो."

"का? परीक्षा आहे?"

"परीक्षा माझी आहे. बनवणाराच आधी म्हणाला, बघा किती गोड, की ऐकणाऱ्याला गोडच लागतं. मग खरं काय ते मला कधी कळतच नाही. म्हणून हा नियम. जिथे जिथे ही प्रीअँपची डबी ठेवलीय, तिथे मी आधी तोंड उघडत नाही."

"गाण्याआधी ती श्वास घेते," मी म्हणाले. "इतक्या वर्षांत मला कधी ऐकू आला नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हे मला अजून कोणी सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. कारण डबीचंच असायचं. दाराची घंटा वाजली की आत्या आतूनच ओरडायची, "तुझा डबीवाला आला गं! आज काय बिघडलंय म्हणावं?"

"काही बिघडलं नाहीये, आत्या," तो म्हणायचा.

"मग येतोस कशाला?"

"तुमच्या हातच्या चहासाठी."

"चहा तर ही करते. माझ्या चहाला तू नावं ठेवलेली ऐकलीत मी. म्हातारी असले तरी माझे कान नीट आहेत."

आम्ही एकेक रेकॉर्ड काढत होतो. मी ब्रशने धूळ पुसायची, तो सुई टेकवायचा. आवाज अमुक ठिकाणी टोचतोय, व्हायोलिन मागे गेलंय, असं मी सांगायची आणि तो पुढच्या रविवारी डबीत काहीतरी बदलून आणायचा. बाबांच्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं. एका रविवारी आत्याने तिच्यावर वाळलेल्या कपड्यांची रास टाकली. ती उचलल्यावर तो सहज तिथे बसला, आणि मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचंच संध्याकाळी थोडं वाईट वाटलं.

एकदा दोन गाण्यांच्या मधल्या जागेत बारीक चरचर ऐकू आली.

"ही रेकॉर्ड खराब झालीय," मी म्हणाले.

तो कान देऊन ऐकत राहिला, मग सुई उचलली. चरचर तशीच. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर बारीक थेंब पडत होते. आम्ही दोघं एकदमच हसलो. ब्रश घ्यायला मी हात पुढे केला, तर त्याचाही हात तिथेच होता... त्याने काढून घेतला नाही. मीही नाही. मला वाटलं, आता तो बोलेल.

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. महिनाअखेरीस साहेबांनी बोलावून सांगितलं, दुसऱ्या शहरात नवीन शाखा निघतेय, तिथला मुद्रितशोधनाचा विभाग सांभाळशील का? सोमवारी उत्तर हवं होतं. घर भाड्याचं, आत्या माझ्याबरोबर कुठेही यायला तयार. अडवणारं कोणी नव्हतं. एक जण सोडून. त्याने अडवावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी मी त्याला सांगितलं. तो प्रीअँपचं झाकण बसवत होता. स्क्रू फिरवणारी बोटं थांबली, मग पुन्हा फिरू लागली.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मी तुम्हाला विचारतेय."

"आधी तुमचं कळू दे."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. मी वाट पाहिली. त्या खोलीत इतकी स्वच्छ शांतता होती की त्याने 'थांबा' असं मनात म्हटलं असतं, तरी मला ऐकू आलं असतं, असं मला वाटलं. मग मीच, फार उत्साहाने, म्हणाले, "संधी चांगली आहे. घ्यायलाच हवी."

"हो," तो म्हणाला. "चांगलीच आहे."

सोमवारी मी होकार कळवला.

पुढचे काही रविवार तो आला नाही. वर्कशॉपमध्ये काम वाढलंय, असा निरोप आला. आला तो आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी. पुस्तकं खोक्यांत गेली होती. टर्नटेबल तेवढं अजून मांडलेलं होतं. त्याच्या हातात नवा प्रीअँप होता, विक्रीसाठी तयार झालेला, काळा, नीटस.

"पहिला तुमचा," तो म्हणाला. "तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं यात आहे."

"मी एक म्हणाले नव्हते," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मी जाते म्हटलं तेव्हा... तुम्ही थांबा म्हणाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणाला असतात तर मी थांबले असते."

तो खोक्यावर बसला.

"काका जाऊन किती दिवस झाले होते?" तो म्हणाला. "तुम्ही अजून दाराच्या घंटेला दचकत होतात. मी बोललो असतो, तर तुम्ही हो म्हणाला असतात. पण ते तुमचं मन म्हणतंय की माझंच तुम्हाला ऐकू येतंय, हे मला कळलं नसतं... तुम्हालाही नसतं कळलं. म्हणून म्हटलं, आधी तुम्ही. आणि तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलंत."

"आनंदाने नव्हे."

"ते मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "दिवसभर आवाजातला फरक शोधतो मी."

मी त्याच्याजवळ गेले. त्याने मान वर केली नाही.

"माझ्या ताईच्या सासरच्या नात्यात एक मुलगी आहे," तो म्हणाला. "चांगली आहे. कधीची वाट बघत होते घरातले. मागच्या आठवड्यात मी लग्नाला हो म्हटलं. तिला हसताना पाहिलंय मी त्यानंतर. आता..."

"नका बोलू पुढे," मी म्हणाले. "मला कळलं."

त्या दोघांच्या मध्ये उभं राहायची माझी इच्छा नव्हती, आणि हिंमतही. काही तरी करायला हवं म्हणून मी नवी डबी जोडायला सांगितली. त्याने ती जोडली. हाताला आली ती रेकॉर्ड मी लावली, आणि आम्ही जमिनीवर शेजारी शेजारी बसलो. आवाज सुंदर होता. इतका, की काही सांगायला उरलंच नव्हतं. त्याने विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. गाणं संपलं. सुई शेवटच्या रित्या खाचेत फिरत राहिली, जवळजवळ आवाज न करता, आणि उठून ती उचलायचं दोघांच्याही जिवावर आलं.

आतून आत्या आली. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि जपून सुई वर उचलली.

"संपलंय रे बाळांनो," ती म्हणाली. "उगाच झिजते."