हिरवी लोकर आणि दहा शब्द

"शिडी, बटण, घागर, दिवा... कितीदा म्हणायचं? पाठ झालंय आता. आणि चहाचं काय?"

ही कुरकुर दवाखान्याच्या बाकावर भावजींच्या अगदी कानाशी चालली होती. कुरकुरणारे आजोबा सत्तरीचे, दाढी गुळगुळीत, डोक्यावर हिरव्या लोकरीची टोपी. शेजारी विणत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या सुया थांबल्या.

"अहो, पुरे," ती हळूच म्हणाली. "आज पुन्हा नाही विचारणार कुणी."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं." आजोबा शहाण्या मुलासारखे गप्प झाले.

भावजींना भरून आलं. लग्नाला चाळीसएक वर्षं तरी झाली असतील, आणि बायकोला 'तुम्ही'! त्यांनी स्वतः हयातभर बायकोला 'अगं ए'च्या पुढे काही म्हटलं नव्हतं. आता म्हणावं, तर ती ऐकायला नव्हती.

"भावजी, समाधी लागली का? डॉक्टर थांबल्यात." वहिनी पुढे निघाल्यासुद्धा.

हेरगिरीचा धंदा मुळात भावजींच्या थोरल्या भावाचा. तो गेला, तेव्हा वहिनींनी तो पुढे चालू ठेवला. दारावरची पाटी अजून त्याच्याच नावाची होती. वहिनी ती रोज पुसत, बदलत मात्र नसत. भावजी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण माणूस जोखणं वहिनींनाच जमायचं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. साठीची बाई, पण चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा.

"विसरण्याच्या आजारावर नवं औषध आहे. बारा वर्षं चाललंय माझं. दोनशे पेशंट. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साध्या गोळ्या. कुणाला काय, ते मलाही माहीत नाही. दर तीन महिन्यांनी दहा शब्द वाचून दाखवायचे आणि किती लक्षात राहिले ते मोजायचं. गुण फारच खाली गेले, तर त्या पेशंटला अभ्यासातून काढतो."

"आणि यादी?"

"दर वेळी वेगळी. प्रत्येक पेशंटची लाख लावलेल्या पाकिटात, त्या कपाटात. आज सकाळी बाहेरच्या हिरव्या टोपीवाल्या आजोबांचं चौथं पाकीट फोडलं. परीक्षक मुलीने दोन शब्द वाचले, आणि पुढचे आजोबांनीच धाडधाड म्हणून दाखवले."

"पेपर फुटला!" भावजी म्हणाले.

"कपाटातून फुटला असेल, तर दोनशेच्या दोनशे आकडे खोटे धरतील. सगळं कचऱ्यात. किती घरं वाट बघतायत या औषधाची, कल्पना आहे?"

"चौथी यादी सगळ्यांना एकच?" वहिनींनी विचारलं.

"हो. ज्याची भरती आधी, त्याला ती आधी. हे आजोबा सगळ्यांत शेवटी आले."

वहिनींनी सकाळचा कागद मागवला. आजोबा काय काय म्हणाले, ते परीक्षक मुलीने टिपून ठेवलं होतं. क्रम उलटासुलटा. दोन चुकाही होत्या: यादीत 'माठ' होता, आजोबा 'घागर' म्हणाले, 'कंदील' होता, ते 'दिवा' म्हणाले. खाली घरच्यांनी दर चाचणीला भरायचा अर्ज, आजोबांच्या बायकोने भरलेला. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही, फक्त तिसऱ्या पानावरचा एक रकाना कोरा. वहिनींनी मागचे तीन अर्ज चाळले. तिथेही तोच रकाना कोरा.

"राहतो एखादा," डॉक्टर घाईने म्हणाल्या.

आधी परीक्षक मुलगी आली. रडून नाक लाल. "मी पाकीट पेशंटसमोरच फोडते हो. लाख शाबूत होती. खोलीत नातेवाइकांना बसू देत नाही."

मग सिस्टर. बावीस वर्षांची नोकरी आणि कपाटाची किल्ली गळ्यातच. "आंघोळीलासुद्धा काढत नाही मी ही. चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणा." त्यांनी तणतणत चष्मा काढला आणि घरात ठेवला. चष्म्याचं घर हिरव्या लोकरीचं.

भावजींनी वहिनींना कोपराने ढोसलं.

"छान विणलंय," वहिनी म्हणाल्या.

"आजोबांच्या मिसेसनी दिलं. गुणाची बाई. दर मंगळवारी येतात, मिस्टरांची तारीख असो वा नसो. चाचणी देऊन बाहेर आलेल्यांच्या शेजारी बसतात, हात धरतात, बोलतात. घरच्यांना तेवढाच चहा प्यायला वेळ मिळतो."

बाहेर पडताच भावजी कुजबुजले, "लाच, वहिनी! हातच्या काकणाला आरसा कशाला? लोकर घेतली, किल्ली दिली!"

"चष्म्याच्या घरासाठी बावीस वर्षांची नोकरी? भावजी, तुमचा तराजू तपासायला हवा."

वहिनी प्रतीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या राहून टोप्या मोजत होत्या. हिरव्या पाच. त्या एका जाड्या गृहस्थापाशी जाऊन बसल्या.

"टोपी झकास आहे. कुणी दिली?"

"ती विणणारी," गृहस्थ हसला. "मी तिला घागर दिली. तिनं मला टोपी."

बिचारा भ्रमात आहे, असं भावजींना वाटलं. वहिनी मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांना आत बोलवा. आजोबांनाही."

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. सिस्टर आणि परीक्षक मुलगी उभ्याच राहिल्या. आजोबांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता आणि बायको विणत होती.

"कपाट फुटलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "कागद पाहून पाठ केलं असतं, तर आजोबा 'माठ' म्हणाले असते. 'घागर' कागदावर नव्हतीच. ज्याने 'माठ' ऐकला आणि अर्धा विसरला, त्याच्या तोंडून ती आली. 'दिवा'ही तसाच. क्रम उलटासुलटा, कारण यादी एका माणसाकडून आलीच नाही. आधी भरती झालेले पेशंट चाचणी देऊन बाहेर येत. कुणाला एक शब्द आठवे, कुणाला दोन. दर मंगळवारी कुणीतरी शेजारी बसून ते गोळा करी, आणि टाक्याला टाका जोडावा तशी यादी पुरी करी. बाहेरच्या जाड्या गृहस्थांनी घागर दिली. त्यांना टोपी मिळाली."

सुया थांबल्या.

"विसरणाऱ्या माणसांकडून?" भावजींच्या तोंडून निघून गेलं.

"दुसऱ्या कुणाला विचारणार?" आजोबांची बायको म्हणाली. आवाज शांत होता. "त्यांच्याशी बोलायला कुणाला वेळ असतो?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. अभ्यास वाचला होता. "फक्त यांचे आकडे काढावे लागतील," त्या पुटपुटल्या. "आणि यांनाही. औषध बंद होईल."

"पण फरक पडलाय ना!" बायको एकदम पुढे सरकली. "आठ शब्द म्हणाले! पहिल्यांदा चार म्हणाले होते. सिस्टर, सांगा ना तुम्ही."

सिस्टर किल्लीशी चाळा करू लागल्या. मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. डॉक्टरांनी कागद सारखे केले, ते आधीच सारखे होते.

वहिनी तिच्यासमोर बसल्या आणि अर्जाचं तिसरं पान उघडून तिच्या हातात दिलं.

"हा रकाना चार वेळा कोरा आहे. या तिघींपैकी कुणीच विचारलं नाही. त्यांना माहीत होतं म्हणून विचारलं नाही. मीही विचारणार नाही. माझ्या दारावरची पाटी अजून तशीच आहे, बाई. पण तुम्हालाच लिहावं लागेल."

भावजींनी वाकून वाचलं: घरच्या माणसांना ओळखतात का?

बाई त्या रकान्यावरून बोट फिरवत राहिली. आजोबांना ते सहन होईना. त्यांनी लोकरीचा गुंडा जपून तिच्या हातात ठेवला.

"अहो, उशीर झाला," ते मायेने म्हणाले. "तुम्ही निघा आता. तुमच्या घरी वाट बघत असतील."

आता भावजींना ते 'तुम्ही' कळलं. त्यांना वाटलं, आपण कान झाकून घ्यावेत.

बाईने आजोबांची टोपी नीट केली, कानांवर ओढली.

"ओळखत नाहीत," ती म्हणाली. "गेल्या थंडीपासून मला ओळखत नाहीत. शब्द पाठ करून घेते ना, तेवढा अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत बसतात." तिने पेन घेतलं. "त्या दहांत कुणी माझं नाव घातलं असतं, तर मी तेवढंच पाठ करून घेतलं असतं."